मंगळावर माझा आवाज

आवाज बंद करायला म्हणून मी रिमोटवरचं जे बटण दाबलं, ते नेमकं आवाज वाढवायचं निघालं. चूक एवढीच. दुबईतल्या सिलिकॉन ओएसिस भागातल्या आमच्या घरात टीव्हीपुढे दोन रिमोट पडलेले असतात, एक टीव्हीचा आणि एक त्याच्याखालच्या लांबट स्पीकरचा. कुठला कशाचा हे माझ्याखेरीज घरात सगळ्यांना माहीत आहे. शनिवारची दुपार होती, वरणाला फोडणी पडली होती, आणि मी बायकोला आणि मुलीला सोफ्यावर बसवून जाहीर केलं होतं की आज तुम्हाला मी मंगळावर गेलेला दिसणार आहे. फक्त कॅसेट फार जुनी, तेव्हा तिचा आवाज गेलाय. आवाज गेलेला नव्हता. ज्या मित्राने ती कॅसेट शोधून, पुसून, पेन ड्राइव्हवर उतरवून दिली, त्या असलमने मला बजावून सांगितलं होतं, "साउंड एकदम साफ आलाय हां." म्हणूनच तर रिमोट मला माझ्या हातात हवा होता. पडद्यावर चंदेरी कपड्यांतला एक किडकिडीत मुलगा, म्हणजे मी, यानाच्या दारातून बाहेर आला, त्याने तोंड उघडलं, मी बटण दाबलं, आणि त्याचा आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत घुमला. मानसी ताटं घ्यायला उठली होती, ती जागच्या जागी थांबली. ईशा म्हणाली, "बाबा, हू इज दॅट?" मी म्हटलं, "मी." ती म्हणाली, "नो, आय मीन द व्हॉइस."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मंगळावरचा माझा प्रवास मी मानसीला नेहमी आवाजाशिवायच सांगितला होता. यान कसं बांधलं, उंट कसा आला, वगैरे. ते भाग रंगवून सांगता येतात आणि त्यात मी शूर दिसतो. आता वरण आणि भात दोन्ही निवत असताना मला उरलेलं सांगावं लागलं, ते असं.

तेव्हा आम्ही बर दुबईत राहत होतो, मीना बझारमधल्या एका कापडाच्या दुकानावर, दोन खोल्यांत. सकाळी जाग यायची ती अजानने, मग देवळाची घंटा, मग खाडीवरून अब्रांची, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होड्यांची, डुगडुग, आणि दहाच्या सुमारास खालच्या दुकानातला माणूस साड्या फडकवत बायकांना "आओ भाभीजी, देखने का पैसा नहीं" म्हणायला लागायचा, तो दुपारच्या जेवणापर्यंत. या सगळ्याच्या वर आमचा खिडकीतला एसी सतत गुरगुरत असायचा, त्यामुळे आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. बाबा एसीचे डक्ट बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर सांभाळायचे. आई घरी असायची. आई मूळची इंदूरची, आणि हे तिच्या दोन गोष्टींवरून लगेच कळायचं. एक म्हणजे तिचे पोहे. वाफेवर मऊ झालेले, बडीशेप घातलेले, वरून शेव आणि जाडसर चिरलेला कांदा. पुण्याहून आलेल्या बायका त्यांना "गोड पोहे" म्हणून नावं ठेवायच्या आणि दोनदा घ्यायच्या. दुसरी म्हणजे तिची हिंदी. आम्ही सगळे जी हिंदी बोलायचो ती मराठी, मल्याळी आणि पठाणी यांची खिचडी होती, तीत क्रियापदाला लिंग असतं हे कोणाच्या गावीही नव्हतं. आईची हिंदी मात्र धुतल्यासारखी होती. लहानपणी ती इंदूरच्या रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात नाटुकल्यांमधून बोलायची. आवाज बारीक म्हणून तिला नेहमी मुलग्यांची कामं द्यायचे. हे ती आम्हाला अधूनमधून सांगायची आणि आम्ही ऐकल्यासारखं करायचो.

तिचा तो आवाज मी घेऊन जन्माला आलो होतो. बाकी माझ्याकडे काही नव्हतं. ऊद मेथाच्या शाळेत उंचीप्रमाणे रांग लावली की मी कायम पहिला, आणि गणिताच्या मार्कांप्रमाणे लावली असती तरी रांगेच्या एका टोकालाच सापडलो असतो. पण मी तोंड उघडलं की वर्ग ऐकायचा. एका गणपतीत तिथल्याच हॉलमध्ये, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी रामरक्षा म्हणत असताना माइक बंद पडला, आणि तरीही शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचला. त्या शेवटच्या रांगेत वर्तक काका बसले होते. ते बाबांच्याच कंपनीत ड्रॉइंगं काढायचे, पुण्यात असताना प्रायोगिक नाटकं केलेली, आणि दुबईत आल्यापासून त्यांच्या अंगातलं नाटक बाहेर पडायला जागा शोधत होतं. इथला टीव्ही तसा नवाच होता, आणि त्यावर शुक्रवारी दुपारी आपल्या लोकांसाठी अर्धा तास मिळायचा. त्यात बहुतेक वेळा कुणाचंतरी भरतनाट्यम असायचं. वर्तक काकांनी तिथल्या साहेबाला गाठून पटवलं की आम्ही चार भागांची विज्ञानकथा करून देतो, तीही हिंदीत, तीही जवळजवळ फुकटात. कारण मंगळ आपल्या दाराशीच पडलाय.

'मंगल पर पानी' असं तिचं नाव. कथा साधीच होती. पृथ्वीवरून एक मुलगा आणि त्याचा रोबो मंगळावर पाणी शोधायला जातात. दुबईत राहणाऱ्या माणसाला यापेक्षा जवळचा विषय सुचणं कठीण. मुलगा मी. रोबो असलम. असलम आमच्या समोरच्या मुकादम चाचांचा मुलगा. चाचा रत्नागिरीचे, मीना बझारच्या कोपऱ्यावर त्यांचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. आता त्याच दुकानात असलम मोबाइलची कव्हरं विकतो. वर्तक काकांनी मला निवडलं तेव्हा आमच्या दारात उभं राहून आईला सांगितलं, "वहिनी, चेहऱ्याचं काय, हेल्मेटमध्ये कुणाचाही चालतो. मला याचा आवाज पाहिजे." हे वाक्य मी शाळेत इतक्या वेळा सांगितलं की वर्गशिक्षिकेने माझ्या प्रगतिपुस्तकावर 'अतिबोलका' असं लिहून पाठवलं.

यान बाबांच्या स्टोअरमध्ये तयार झालं. डक्टचे वाकलेले पत्रे, जे कुठल्याही इमारतीत बसत नव्हते, ते मंगळयानात बरोबर बसले. आत एक जुना स्विचबोर्ड, त्याची सगळी बटणं चालू-बंद व्हायची आणि कशानेच काही व्हायचं नाही. हेल्मेट म्हणजे बागेतल्या दिव्याचा पांढुरका प्लास्टिकचा गोळा, समोरून कापलेला. बाबा तो घेऊन आले आणि सवयीने म्हणाले, "बारा दिरहम. म्हणजे चाळीसेक रुपये. चाळीस रुपयांत घरचा पंखा दुरुस्त झाला असता." असलमच्या अंगात तेलाचे दोन मोठे डबे आणि हातांना एसीच्या चंदेरी लवचिक नळ्या. त्याला बसता यायचं नाही, म्हणून शूटिंगभर तो एका खांबाला टेकून उभा असायचा आणि चाची येऊन त्याला भरवायच्या.

शूटिंग फक्त शुक्रवारी, कारण सगळ्यांना सुट्टी तेव्हाच. पहाटे दोन गाड्या आणि एक पिकअप निघायची, शहर संपायचं, मग रस्ताही संपायचा, आणि वर्तक काका एका वाळूच्या डोंगराकडे बोट दाखवून म्हणायचे, "हा मंगळ." आईने केलेले पोहे डब्यातून निघायचे. पहिल्या घासाला कांदा दाताखाली येतो की वाळू, हे ओळखायची आमची स्पर्धा असायची. एकदा मी यानातून उतरून दुर्बीण डोळ्याला लावली, आणि कॅमेऱ्याच्या पुढ्यात, माझ्या मागे, एक उंट रवंथ करत येऊन उभा राहिला. त्याच्यामागे त्याचा मालकही आला आणि हात हलवून "हबीबी, हबीबी" करायला लागला. वर्तक काकांनी कॅमेरा थांबवला नाही. संध्याकाळी घरी बसून त्यांनी मंगळावर उंटासारखा प्राणी असतो असा एक प्रसंग लिहिला आणि पुढच्या शुक्रवारी त्या मालकालाच मंगळाचा राजा केलं. तो अरबीत बोलायचा. मंगळावरची भाषा म्हणून ते छान खपलं.

पण वारा फार, आणि त्यात दिव्यांसाठी जनरेटर. मैदानावर आम्ही काय बोलतो ते रेकॉर्ड करण्यात अर्थ नव्हता. म्हणून सगळ्यांचे आवाज नंतर, वर्तक काकांच्या घरी, चित्र बघत भरायचे असं ठरलं होतं. मग एक शुक्रवार वादळात गेला. मग रमजान आला. असलमचे रोजे, कॅमेरावाल्याचे रोजे, मंगळाच्या राजाचे रोजे. महिनाभर मंगळ बंद. ईदनंतर आम्ही परत गेलो, मी वाळूवर गुडघे टेकले, दोन्ही हात वर करून माझं सगळ्यात मोठं वाक्य टाकलं, "सुनो, यहाँ पानी है," आणि त्यातलं 'पानी' वर जाता जाता मध्येच फाटलं. उंटाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. असलम डब्यांच्या आत हसला, ते बाहेर खणखणलं. वर्तक काका बाबांकडे बघत राहिले.

आता गंमत अशी की मला ते आवडलं. मला वाटलं, आवाज वयात आला, आता हिरोचा झाला. मी बाथरूममध्ये जाऊन खालच्या पट्टीत 'यहाँ पानी है' म्हणायचो आणि बादलीत घुमलेला तो भसाडा आवाज ऐकून स्वतःवर खूश व्हायचो. शूटिंग संपलं तेव्हा मी वर्तक काकांना विचारलं, "काका, माझं डबिंग कधी?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुझं नाही लागणार रे. तू मैदानावरच इतकं परफेक्ट बोललास, तेच पकडलंय." बाकी सगळ्यांना डबिंग करावं लागणार आणि मला एकट्याला नाही, ही बातमी मी त्याच संध्याकाळी सगळ्या इमारतीला दिली. साडीवाल्यालाही दिली. खरं म्हणजे ज्या माणसाचा माइक वाऱ्याने झोपला होता, त्याच्या हाती माझ्या एकट्याचाच आवाज कसा लागला, असा प्रश्न एखाद्या बऱ्या मुलाला पडला असता. मी गणितात कच्चा होतो ते काही उगीच नाही.

त्याच दिवसांत आई देवळात जास्त जायला लागली होती. गुरुवारी संध्याकाळी बाबा आणि ती निघायचे, मला सांगायचे, "अभ्यास कर, देवळात जाऊन येतो," आणि चांगले उशिरा परत यायचे. आईचा चेहरा घामाने ओला, केस कपाळाला चिकटलेले. मला वाटायचं, देवळाच्या बोळात गर्दीच एवढी असते. ती प्रसाद आणायची, केळ्याचे तुकडे आणि खडीसाखर, आणि मी तो हात पुढे करून खायचो. आल्याबरोबर ती मिठाच्या पाण्याने गुळण्या करायची. सकाळी पोहे परतताना माझीच वाक्यं पुटपुटायची, 'सुनो', 'कोई है', 'डरो मत दोस्त'. मला वाटायचं, आईला लेकाचं किती कौतुक.

पहिला भाग दाखवला त्या शुक्रवारी सगळे मुकादम चाचांच्या हॉलमध्ये जमले, कारण मोठा रंगीत टीव्ही त्यांच्याकडेच होता. चाचींनी कोळंबीची बिर्याणी केली होती, आमच्यासाठी वेगळी वाटाण्याची, आईने शिरा नेला होता. शाळेतली मुलं मी मुद्दाम बोलावली होती. त्यांना मी सांगून ठेवलं होतं की चेहऱ्याकडे बघू नका, आवाज ऐका. चाचांनी कार्यक्रम कॅसेटवर उतरवायला व्हीसीआर लावला, वरून अत्तर शिंपडावं तशी सगळ्यांवर एक नजर टाकली आणि म्हणाले, "आता कोनी खोकायचा नाय." अवकाशाचं संगीत झालं. ते वर्तक काकांनी मिक्सर आणि स्टीलच्या वाट्यांवर बनवलं होतं. यान उतरलं. मी दारात आलो. हेल्मेट काढून काखेत घेतलं आणि बोललो, "सुनो, कोई है?"

आवाज इतका स्वच्छ आला की हॉलमधला एसीही गप्प झाल्यासारखा वाटला. मी खरं सांगतो, पहिली दोन-तीन वाक्यं मी मान वर करून, अभिमानाने ऐकली. मला वाटलं, टीव्हीवर आपला आवाज असा येतो तर. थोडा गोड येतो. मग पडद्यावरच्या मुलाने रोबोला हाक मारली, आणि हाक मारण्याआधी त्याने एक छोटा श्वास घेतला, पुढे काहीतरी महत्त्वाचं येणार असल्यासारखा. तो श्वास मला माहीत होता. मला गोष्ट वाचून दाखवताना पान उलटलं की येणारा, मला आंघोळीला हाक मारायच्या आधी येणारा श्वास होता तो. मी वळून पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात शिऱ्याचं पातेलं घेऊन उभी होती. ती टीव्हीकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. प्रत्येक शब्दावर, माझ्या तोंडाच्या आधी किंचित. तिला स्वतःलाही ते कळत नसावं.

अर्धा तास मी तिथे बसून राहिलो. मंगळावर मी असलमला धीर दिला, असलमने मला. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी मला जवळ ओढून सांगितलं, "बाला, काय आवाज हाय तुझा. काळजात गेला." सगळे माझ्याकडे बघत होते, काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी म्हणालो, "थँक्यू चाचा," आणि ते 'थँक्यू' निम्मं खर्जात आणि निम्मं किंचाळीत आलं. हॉलभर हशा. शाळेतला एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "टीवी में इसका गला किसने ठीक किया?" मी आईकडे बघितलं. ती वाट्यांमध्ये शिरा वाढत होती आणि तिने मान वर केली नाही.

घरी आल्यावर ती रात्रीच्या पोळ्यांची कणीक भिजवायला बसली. मी दाराला टेकून उभा राहिलो.

"तू होतीस ना ती?"

"कळलं तुला?" आई म्हणाली. "मला वाटलं नाही कळणार. वर्तक भावजी म्हणाले, कोणाला कळणार नाही."

"बाबांना माहीत होतं?"

"तेच सोडायचे मला. खाली गाडीत बसून राहायचे बिचारे."

"अजून कोणाला?"

तिने कणकेवर पाण्याचा हात फिरवला. "असलमला. त्यालाही यायला लागायचं ना, रोबोसाठी. त्याच्याशिवाय कशी बोलणार मी?"

म्हणजे मंगळावर मी आणि माझा जिवलग मित्र जे काही बोललो होतो, ते असलम आणि माझी आई बोलले होते. वर्तक काकांच्या अडगळीच्या खोलीत, गाद्या लावलेल्या भिंतींमध्ये, आवाज नको म्हणून एसी बंद करून, घामाघूम होत. असलम रोज शाळेच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसायचा.

"तू देवळात जाते म्हणायचीस."

"जायचे की. आधी देवळातच जायचे. खोटं कशाला बोलू?"

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस का? वर्तक भावजी म्हणत होते की पोराचा आवाज फुटला, आता दुसरा मुलगा घेऊन सगळं परत करायला लागणार. तेव्हा तिनेच त्यांना सांगितलं होतं, मुलगा तोच राहू दे, आवाज मी देते. इथवरच तिने सांगितलं असतं तर कदाचित मी रडून मोकळा झालो असतो आणि जेवलोही असतो. पण आई खोटं बोलायची नाही, देवळाच्या वाटेवरसुद्धा नाही. तिने कणकेचा गोळा उलटा केला आणि म्हणाली, "आणि खरं सांगू, श्री? मला मजा आली."

तिचा चेहरा तसा मी आधी कधी पाहिला नव्हता. मला वाईट वाटायला हवं म्हणून तिने तो पुन्हा गंभीर केला, पण तोवर मी पाहिलं होतं. माझ्यासाठी केलं हे मी सहन केलं असतं. माझ्या जागी उभं राहून तिला मजा आली, हे मला झेपलं नाही. बाबांनी आतून ओरडून निकाल दिला, "आता खलास. तोंड तर तुझंच दिसलं ना टीव्हीवर? मग?"

पुढचे तीन शुक्रवार मी चाचांच्या हॉलमध्ये तसाच बसलो. लोक माझी पाठ थोपटायचे आणि मी मान हलवायचो, कारण तोंड उघडणं परवडत नव्हतं. घरी आईशी बोलायचं बंद केलं. तिला मी सांगितलं होतं की माझ्यातर्फे तूच बोलत जा. असलमच्या शेजारची बसमधली जागा सोडून मी ड्रायव्हरच्या मागे बसायला लागलो. तो एकदा येऊन म्हणाला, "मैं क्या करता यार, आंटी ने कसम दी थी." आंटीने त्याला पोहेसुद्धा दिले होते, डबिंगच्या मधल्या वेळात, हे त्याने सांगितलं नसतं तरी चाललं असतं. आज तो माझा सगळ्यात जुना मित्र आहे आणि या विषयावर आम्ही अजूनही सरळ बोलत नाही. पेन ड्राइव्ह देताना साउंड साफ आल्याचं त्याने जे बजावलं, ते का, हे आम्हा दोघांना कळत होतं.

शेवटी मंडळाने ऊद मेथाच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला. बाबांना यानासाठी नारळ, उंटाच्या मालकाला शाल. ती त्याने लगेच डोक्याला गुंडाळली. आणि मला ढाल. आई पहिल्या रांगेत होती, मोरपंखी साडीत, मांडीवर पर्स धरून. वर्तक काकांनी ढाल माझ्या हातात दिली आणि त्यांना उत्साहाच्या भरात काय सुचलं कोण जाणे, ते माइकमध्ये म्हणाले, "आता श्रीरंग आपल्याला तो डायलॉग म्हणून दाखवेल. यहाँ पानी है." बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा हात माइकवरच राहिला.

मी माइकसमोर उभा राहिलो, आईकडे सरळ बघितलं, आणि तोंड उघडलं. नुसतं उघडलं. बोललो नाही. मनात म्हटलं, बोल आता. एवढी मजा आली ना, मग इथे उभी राहा आणि बोल. पंख्याखाली मंडळाचा फलक हलत होता, कोणाचंतरी बाळ कुरकुरत होतं. आईने तो छोटा श्वास घेतला. मला तिथून दिसला. तिचे ओठ हलले, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, आणि काहीही ऐकू आलं नाही. मग तिने मान खाली घातली आणि पर्सचा चाप उघडून परत लावला.

"माइक गेला वाटतं," वर्तक काका म्हणाले आणि त्यांनी माइकवर टिचकी मारली. टिचकी हॉलभर घुमली, तरी लोकांनी त्यांचं ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. ज्या हॉलमध्ये माइक बंद असताना मी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलो होतो, तिथे माइक चालू असताना पहिल्या रांगेलाही गेलो नाही. घरी जाताना खाडीजवळ आल्यावर आई म्हणाली, "माझं नाव सांगितलं असतं तर ढाल परत द्यावी लागली असती," आणि खिडकीबाहेर बघत राहिली. ती हे मला समजावत होती की स्वतःला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानंतर तिने कुठेही आवाज दिला नाही, आणि मी तिला कधी दे म्हटलं नाही. ढाल मात्र शोकेसमध्ये राहिली. दर शुक्रवारी ती फडक्याने पुसायची. मला तेव्हा वाटायचं, माझं कौतुक म्हणून पुसते.

बोलता बोलता थोड्या दिवसांत सगळं पूर्ववत झालं, घराघरांत होतं तसं. मी कॉलेजला पुण्याला गेलो, परत आलो, नोकरी, लग्न. आई मानसीशी माझ्यापेक्षा जास्त बोलायची. चार वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या दिवसांत तिचा आवाज जाडसर, खरखरीत झाला होता, जवळजवळ माझ्यासारखा. पण मंगळाचं नाव तिने कधी काढलं नाही आणि मीही नाही. मनात मी ते धरून होतो. खोटं कशाला सांगू, आजही धरून आहे. माणसाला आपला आवाज एकदाच फुटतो, आणि माझा फुटत असताना घरातली सगळी माझ्या पाठीमागे बसून दुसरा बसवत होती.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मी सोफ्यावर मागे टेकलो. चित्र थांबवलेल्या पडद्यावर मंगळावरचा मी तोंड उघडून थिजलो होतो. ईशा म्हणाली, "सो बेसिकली, आजी वॉज द हिरो." मी म्हटलं, बेसिकली हो. "अँड यू वॉन्टेड टु म्यूट हर?" मी मानसीकडे बघितलं. मला तिच्याकडून थोडी सहानुभूती हवी होती. निदान 'फार वाईट केलं तुझ्याबरोबर' एवढं तरी. ती एवढा वेळ हातात रिकामी ताटं घेऊन उभी होती. तिने ती टेबलावर ठेवली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि पदर नसताना पदर सावरल्यासारखा ओढणीने डोळा टिपला.

"यात इतकी वर्षं लपवण्यासारखं काय होतं?" ती म्हणाली. "तोंड तुझं आणि आवाज आईंचा, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आता तो रिमोट इकडे दे आणि जरा गप्प बस. मला त्यांना ऐकायचंय."